फुटलेलं जोडाक्षर

मशीन बंद पडलं की लॅबमावशी आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून त्या मशीनसमोर वाकायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. दोन मिनिटं, कधी पाच. तोवर मी इकडे चार बटणं दाबलेली असायची, वायर काढून लावलेली असायची, कॉम्प्युटर बंद करून चालू केलेला असायचा. त्या मान न वळवता म्हणायच्या, "ताई, हात चालला की पुरावा गेला. आधी बघू द्या, ते कसं रुसलंय."

नाशिकला गंगापूर रोडवर एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं छोटं दुकान आहे. टेबलावर मावेल असं लेझरचं मशीन, एक कॉम्प्युटर आणि लाकडाच्या, अ‍ॅक्रिलिकच्या फळ्यांचा ढीग. दारावरच्या पाट्या, स्मृतिचिन्हं, लग्नातल्या भेटवस्तू असं काय वाटेल ते मी कोरून आणि कापून देते. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी हे सुरू केलं, तेव्हा मला वाटलं होतं की मशीनचा भाग अवघड जाईल, कॉम्प्युटरचा तर माझ्या हातचा मळ. झालं उलटंच. मशीन गरीब होतं. सॉफ्टवेअरने मात्र पहिल्या आठवड्यातच मला रडवलं. कॉम्प्युटरला मशीन सापडेचना. मी तीनदा सगळं पुसून नव्याने टाकलं. तरी पडद्यावर तेच वाक्य: उपकरण आढळले नाही.

त्याच सकाळी एक पंचावन्न-साठीच्या बाई नातीसाठी लाकडी पेन्सिलपेटीवर नाव कोरून घ्यायला आल्या होत्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, परवा या. त्या गेल्या नाहीत. हात पाठीमागे बांधून बघत राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही वायर मोबाईलची हाय का?"

होती. मशीनबरोबर आलेली वायर आखूड पडत होती म्हणून मी घरातली लांब वायर आणली होती.

"काही वायरींतून नुसता करंट जातो, निरोप नाय जात," त्या म्हणाल्या. "आमच्या लॅबमध्ये दर वर्षी एखादं पोरगं असली वायर लावून रडत बसायचं."

मी मूळची वायर लावली. मशीनचं लेझरचं डोकं हललं आणि आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं. मला आनंद झाला, आणि त्याच्या पोटात कुठेतरी एक बारीक काटाही टोचला. मी कॉम्प्युटर इंजिनिअर होते.

बाई सिन्नरच्या. एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये परिचर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. घरी बसून कंटाळा येतो म्हणाल्या. पुढच्या सोमवारपासून त्या माझ्याकडे यायला लागल्या, सकाळच्या एसटीने किंवा जीपने. तंत्रनिकेतनातली मुलं त्यांना लॅबमावशी म्हणायची, मीही तेच उचललं.

त्यांचं शिक्षण नववी. पडद्यावरचं इंग्रजी कसं समजतं, असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या. "मला इंग्रजी वाचता नाय येत ताई, ओळखता येतं. गावातली माणसं जशी लांबून चालीवरून ओळखता येतात ना, तसं." चूक दाखवणारी खिडकी पडद्यावर आली की त्या तिच्यातली अक्षरं एका वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यायच्या, चित्र काढल्यासारखी. त्याखाली तीन रकाने: काय झालं, काय बदललं, काय केलं. पंधरा दिवसांनी तीच खिडकी पुन्हा आली की मी इंटरनेटवर शोधत बसायची आणि त्यांनी वहीचं पान काढलेलं असायचं.

"काय बदललं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. वर्तुळ अंड्यासारखं आलं, काय बदललं? कोरलेलं अक्षर फिकं आलं, काय बदललं? "काहीच नाही हो मावशी," मी म्हणायची. "मग ते कालच्यासारखंच चाललं असतं," त्या शांतपणे म्हणायच्या. आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. मी वेगाचं एकक बदललेलं असायचं, नाहीतर मापं मिलिमीटरवरून इंचावर गेलेली असायची. त्या दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायच्या आणि प्रत्येक बदलानंतर टाकाऊ फळीच्या तुकड्यावर एक लहान चौकोन कापून पट्टीने मोजायच्या. मला हे फार संथ वाटायचं. मी पाच गोष्टी एकदम बदलायची. काम झालं तर कशामुळे झालं ते मला कळायचं नाही, आणि बिघडलं तरी नाही.

एकदा मशीन मोठं काम करताना मध्येच थांबायला लागलं. घड्याळाच्या तबकड्या होत्या, एकसारख्या. कधी सातच्या आकड्यापाशी थांबे, कधी नऊपाशी. मी फाईल खराब आहे असं ठरवून सगळं चित्र पुन्हा काढायला बसले. मावशींनी मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं आणि विचारलं, "हे जागेवर थांबतंय का वेळेवर थांबतंय?" दोन तबकड्या वाया गेल्यावर उत्तर मिळालं. थांबायची जागा वेगळी असली तरी वेळ तीच होती, सुरू केल्यापासून बरोबर वीस मिनिटं. कोणी माऊसला हात लावला नाही की कॉम्प्युटर वीस मिनिटांनी झोपी जात होता, आणि त्याच्याबरोबर मशीनचंही काम थांबत होतं. दहा सेकंदांत ते बदललं. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी त्याला हा किस्सा रंगवून सांगितला. "मग माझ्या लक्षात आलं," असं म्हणाले. मावशी तिथेच फळ्या पुसत होत्या. आता आठवतं, तेव्हा वाटतं की खोटं बोलायची सवय मला त्या दिवशीच लागली.

मराठी अक्षरांबाबत त्या फार काटेकोर होत्या. हे सॉफ्टवेअर बाहेरचं, त्याला आपली जोडाक्षरं नीट कळत नाहीत. एका कॉम्प्युटरवर सरळ दिसणारं नाव दुसऱ्यावर फुटतं. पाय मोडलेली अक्षरं सुटी होतात, वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. छपाईवाले यावर उपाय म्हणून मजकूर कर्व्ह करतात. म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याची नुसती रेघ करायची, मग ते कुठेही फुटत नाही. मावशी त्याला अक्षराचं चित्र करणं म्हणायच्या. "ताई, चित्र केलं का?" हे त्या मशीन सुरू करण्याआधी रोज विचारायच्या. आणि दुसरं म्हणजे, काम हातात असताना सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही. "लग्न लागताना नवरीची साडी बदलतो का आपण?"

पिंपळगाव बसवंतच्या पुढच्या एका गावातल्या शाळेचं काम आलं ते दिवाळीनंतर. तिथे पस्तीस वर्षं मराठी शिकवलेले एक शिक्षक वारले होते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेत त्यांच्या नावाने वाचनालय केलं होतं, आणि त्याची सागवानी पाटी आमच्याकडे होती. मजकूर एवढाच: कै. लक्ष्मण सर स्मृती वाचनालय. गुरुजी शुद्धलेखनाला फार कडक होते, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायचे, असं मुख्याध्यापकांनी हसत सांगितलं होतं. मावशींनी तीन दिवस खपून ती फाईल तयार केली, प्लायवूडवर कोरून बघितली, जोडाक्षर न् जोडाक्षर तपासलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मावशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या होत्या. तेवढ्यात शाळेतून फोन आला. घरच्यांची इच्छा आहे, 'सर' नको, 'गुरुजी' करा. एका शब्दाचं काम. मावशींनी चित्र केलेल्या फाईलमध्ये शब्द बदलता येत नव्हता, म्हणून मी आधीची साधी फाईल उघडली. उघडताना सॉफ्टवेअरने विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, टाकू का? मी हो म्हटलं. घाईत होते. 'सर' खोडून 'गुरुजी' लिहिलं आणि मशीन सुरू केलं. धुराचे डाग पडू नयेत म्हणून लाकडावर पातळ कागद चिकटवलेला असतो. त्यावरून कोरलं की जळलेल्या कागदात अक्षरं धड वाचता येत नाहीत, कागद सोलल्यावरच उठून दिसतात. प्रवासात ओरखडा नको म्हणून मी कागद तसाच ठेवला आणि पाटी गुंडाळली.

मावशी परत आल्या, तेव्हा मी चिकटपट्टी लावत होते. त्यांनी विचारलं, "कागद काढून बघू का एकदा?"

"मी बघितलंय, मावशी."

"चित्र केलं होतं ना?"

"सगळं केलंय हो."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चिकटपट्टीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी माझ्या गाडीने गेलो. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. आम्ही गाडी लावून येईपर्यंत शाळेच्या शिपायाने कागद सोलला, पाटी टांगली, वर पडदा ओढला. गडबडीत कोणी वाचलं नाही. पुढच्या रांगेत गुरुजींच्या पत्नी बसल्या होत्या. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, आणि कार्यक्रमात ठरल्याप्रमाणे सहावीतली एक मुलगी माईकवर पाटी वाचायला उभी राहिली. ती प्रामाणिकपणे वाचू लागली. "कैलासवासी ल... क्... ष्..." आणि अडकली. पाटीवर ल, पाय मोडका क, पाय मोडका ष असं सगळं सुटं सुटं पडलं होतं. 'स्मृती'ची तर ओळखच पटत नव्हती. मुलीला वाटलं आपलंच चुकतंय, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागे मुलं हसू लागली.

गुरुजींच्या पत्नी चष्मा पुसून पुन्हा बघत म्हणाल्या, "यांचं नाव असं का मोडलंय?"

मुख्याध्यापक आमच्याकडे आले. चेहरा पडलेला, पण आवाज सभ्य. "मॅडम, हे कसं झालं?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. अपडेट, साधी फाईल, न केलेलं चित्र. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "सॉरी सर. मशीन आमच्या मावशी बघतात. त्यांचं शिक्षण नववीच झालंय, वाचताना जरा..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुख्याध्यापकांना नमस्कार करून म्हणाल्या, "माझ्या नजरेतून सुटलं सर. माफ करा. नवीन करून देते."

"असू द्या, असू द्या," मुख्याध्यापक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात, "पण मॅडम, अशी कामं शिकलेल्या माणसाकडून करून घेत जा."

मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली.

परत येताना गाडीत मी दोनदा तोंड उघडलं. एकदा पुढे कांद्याचा ट्रॅक्टर आला, एकदा फोन वाजला, आणि दोन्ही वेळा मला बरंच वाटलं. नाशिकच्या द्वारका चौकात मी त्यांना सिन्नरच्या गाडीसाठी उतरवलं. दार लावताना त्या म्हणाल्या, "उद्या लवकर येते. गुरुजींची पाटी आधी."

आल्या. सकाळी मी पोचले, तेव्हा जुनी आवृत्ती पुन्हा टाकून झाली होती. नवी सागवानी फळी मशीनमध्ये होती. संध्याकाळपर्यंत पाटी झाली. त्यांनी कागद सोलला, ब्रशने कडा झाडल्या आणि पाटी माझ्यापुढे धरली. "वाचा ताई." मी वाचली. नंतर त्यांनी ती गुंडाळली आणि मी टेम्पोने शाळेत पाठवून दिली.

त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी सांगितलं की आता गुडघे दुखतात, जीपची चढउतार होत नाही, सोमवारपासून येणार नाही. मी विचारायला हवं होतं की खरं कारण काय. विचारलं नाही, कारण खरं कारण मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "काळजी घ्या, मावशी." त्या गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट लिहिताना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर ती या सुटकेची. शाळेत जे बोलले, ते घाबरून बोलले असं तरी म्हणता येईल. या सुटकेला तेही निमित्त नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी मशीन पुन्हा अडलं, म्हणून मी त्यांची वही काढली. पानं उलटताना तो दिवस समोर आला. काय झालं: जोडाक्षर फुटलं. काय बदललं: नवीन अपडेट, अक्षराचं चित्र केलं नाही. काय केलं: जुनं परत टाकलं, नवीन फळी. बस. मी त्या ओळींत माझं नाव शोधलं, मग सगळी वही चाळली. कोणी केलं, असा रकाना त्या वहीत कुठेच नव्हता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी त्या रविवारी सिन्नरला गेले.

त्यांच्या घरात खिडकीपाशी टेबलावर एक कॉम्प्युटर उघडा होता. सिन्नरच्याच एका ट्रॉफीवाल्याचं मशीन त्या आता बघत होत्या. गुडघे ठीक दिसत होते. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मी कप हातात घेण्याआधीच म्हटलं, "मावशी, ती चूक माझी होती. शाळेतली."

"म्हायती हाय मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी चहा गाळला, एक कप माझ्यापुढे ठेवला आणि बसल्या. "बोलले असते तर कोणी मानलं असतं, ताई? तुम्ही इंजिनिअर, मी लॅबमधली बाई. त्या गुरुजींच्या बायकोपुढं आपण दोघी भांडत उभ्या राहिलो असतो. त्यांचा दिवस आधीच मोडला होता."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चूक माझ्यावर टाकली त्याचं मला लय नाय वाटलं. लॅबमध्ये तीस वर्षं तेच केलं, पोरांनी फोडायचं आणि मी सही करायची. पण तुम्ही माझं वाचणं काढलं. मी ते अक्षर तीन दिवस वाचलं होतं. तुमच्यापेक्षा जास्त वाचलं होतं."

"मला माफ कराल?"

"ते माझं मला बघू द्या," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

दुसऱ्याच आठवड्यात मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांना खरं काय ते सांगितलं. ते गोंधळले. "जाऊ द्या हो मॅडम, झालं गेलं. पाटी आता छान दिसतेय." त्यांना खऱ्याची काही गरज नव्हती. नववी शिकलेल्या बाईने चूक केली, ही गोष्ट त्यांच्या मनात व्यवस्थित बसली होती, ती उपटून काढायचा त्यांना कंटाळा होता. मी हट्ट धरला. शेवटी परिपाठाच्या वेळी त्यांनी मला दोन मिनिटं दिली. मुलांपुढे, शिक्षकांपुढे मी सांगितलं की चूक माझी होती, मी खोटं बोलले, आणि आमच्या मावशींना त्या मशीनमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. गुरुजींच्या पत्नींच्या घरी जाऊनही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग त्या बाई त्या दिवशी जेवल्या तरी होत्या का? पंगतीत मला दिसल्या नाहीत." मला आठवत नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं.

तिथूनच मी मावशींना फोन केला. सगळं सांगितलं, जरा घाईघाईने, चांगलं काम करून आलेल्या माणसाच्या उत्साहात.

त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांसमोर सांगितलं?"

"हो, परिपाठात. सगळ्या मुलांसमोर."

"काय म्हणून सांगितलं मला?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण म्हणून सांगितलं?"

"आमच्या मावशी म्हणून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाव हाय ताई मला." आणि फोन ठेवला.

मुख्याध्यापकांकडे पुन्हा दोन मिनिटं मागायला मी गेले नाही. लाज वाटली, असं म्हणायची सवय आहे. खरं तर धीर झाला नाही. नंतर सिन्नरला दोनदा जाऊन आले. त्या चहा करतात, मशीनबद्दल बोलतात, आणि माफीचा विषय मी काढत नाही. हे सगळं लिहितानाही मी त्यांना पहिल्या ओळीपासून लॅबमावशीच म्हणत आले, आता कळतंय.

त्यांचं नाव सुमन रंगनाथ सांगळे.